चाळिशीत पडलेला प्रश्न : मी स्वमग्न तर नाही?



विषयाला हात घालण्याआधी काही शब्द आठवू या. घुम्या. एकलकोंडा. माणूसघाणा. तिरसट. चक्रम. हेकेखोर. यातला एखादा शब्द चिकटलेला एक तरी माणूस आपल्या प्रत्येकाच्या ओळखीत असतो. पाहुणे आले की मागच्या दाराने शेतात निघून जाणारे काका. वरात दारात आली की आतल्या खोलीत जाऊन बसणारी मावशी. एसटीचं अख्खं वेळापत्रक तोंडपाठ, पण 'काय मग, कसं चाललंय?' याला काय म्हणायचं ते न सुचणारा वर्गमित्र. लोक विचारायचे, 'हा बोलत काऊन नाही?' घरचे सांगायचे, 'तो असाच आहे बाप्पा.' आणि विषय तिथेच संपायचा.

आता ही माणसं स्वतःच विचारू लागली आहेत की मी असाच का? आज आपण याच प्रश्नाबद्दल बोलणार आहोत.

आम्ही मानसोपचाराच्या ओपीडीत काम करणारी मंडळी. आमच्याकडे हा प्रश्न साधारण तीन वाटांनी येतो. पहिली वाट मुलाची. चार-पाच वर्षांच्या मुलाला घेऊन आईवडील येतात, आम्ही मुलाबद्दल एकेक विचारत जातो आणि मध्येच वडील म्हणतात, 'डॉक्टर, हे सगळं तर माझ्यातही होतं.' दुसरी वाट मोबाइलची. कुणाचा तरी व्हिडिओ पाहिला आणि रात्रभर झोप आली नाही, असं सांगत माणूस येतो. तिसरी वाट थकव्याची. नैराश्यासाठी किंवा चिंतेसाठी गोळ्या सुरू आहेत, थोडा फरक आहे, पण मूळ काहीतरी हाताला लागत नाही. आज आम्ही जी उदाहरणं देऊ ती कुणा एका माणसाची नाहीत. पुष्कळांचं थोडं थोडं घेऊन ती केलेली आहेत, तेव्हा कृपया कुणाला ओळखायला जाऊ नका.

स्वमग्नता म्हणजे नेमकं काय?

स्वमग्नता किंवा ऑटिझम हा मेंदूच्या जडणघडणीतला वेगळेपणा आहे. तो जन्मापासून असतो. निदान करताना दोन बाजू पाहाव्या लागतात. एक बाजू माणसांमधल्या देवाणघेवाणीची : बोलण्यातली ये-जा, नजर-हावभाव-सूर यांची भाषा, नाती जुळवणं आणि टिकवणं. दुसरी बाजू ठरावीकपणाची : त्याच त्या हालचाली किंवा बोलणं, दिनक्रम मोडला की होणारी घालमेल, एकाच विषयात खोल बुडी, आणि आवाज-उजेड-स्पर्श-वास यांचा फार जास्त किंवा फार कमी त्रास. निदानाला दोन्ही बाजू लागतात. नुसतं लाजाळू असणं किंवा नुसती टापटिपीची सवय असणं पुरत नाही. शिवाय यामुळे रोजच्या जगण्यात खरोखरची अडचण यावी लागते.

'स्वमग्न' या शब्दानेही थोडा घोटाळा होतो. ऐकणाऱ्याला वाटतं, हा स्वतःतच रमलेला, याला दुसऱ्याचं काही पडलेलं नाही. प्रत्यक्षात आमच्यासमोर बसलेली कितीतरी माणसं दुसऱ्याचा विचार करकरून थकलेली असतात. तेरवीच्या पंगतीत चेहरा कसा ठेवायचा, किती वेळ बसायचं, निघताना काय म्हणायचं, याची त्यांनी घरून तालीम करून आणलेली असते. बाकीच्यांना जे आपोआप येतं ते त्यांना दर वेळी जुळवून काढावं लागतं.

मग लहानपणी कुणाच्या लक्षात का आलं नाही?

हा प्रश्न प्रत्येक जण विचारतो, आणि त्यात थोडा रागही असतो. उत्तरासाठी जरा मागे जावं लागेल.

१९४३ साली बाल्टिमोरमध्ये लिओ कॅनर या डॉक्टरांनी अकरा मुलांचं वर्णन प्रसिद्ध केलं. पुढच्याच वर्षी व्हिएन्नात हान्स आस्पर्गर यांनी काहीशा वेगळ्या मुलांबद्दल लिहिलं. ही मुलं भरपूर बोलणारी, पण सामाजिक व्यवहारात अडखळणारी होती. आस्पर्गरांचं लिखाण जर्मन भाषेत होतं आणि बराच काळ बाजूला पडून राहिलं. त्यामुळे कॅनरांचं चित्रच डोक्यात बसलं : न बोलणारं, कुणाकडे न पाहणारं लहान मूल. अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांची जी निदानपुस्तिका जगभर वापरतात, त्या डीएसएममध्ये ऑटिझमला १९८० साली स्वतंत्र जागा मिळाली, तीही याच चित्राप्रमाणे. १९८१ साली लंडनच्या लॉर्ना विंग यांनी आस्पर्गरांचं काम इंग्रजी वाचकांपुढे आणलं. त्या स्वतः एका स्वमग्न मुलीच्या आई होत्या. स्वमग्नतेकडे 'स्पेक्ट्रम', म्हणजे वर्णपट, म्हणून पाहण्याची दृष्टी बरीचशी त्यांची. २०१३ साली डीएसएमच्या पाचव्या आवृत्तीत सगळी उपनावं जाऊन एकच वर्णपट राहिला. आवाज-स्पर्शाच्या त्रासाला निकषांत जागाही तेव्हाच मिळाली. त्याच आवृत्तीत प्रौढांसाठी फार महत्त्वाची गोष्ट मान्य झाली : लक्षणं लहानपणापासून असली, तरी माणसाच्या कुवतीपेक्षा जगाच्या मागण्या वाढेपर्यंत ती पूर्ण दिसतीलच असं नाही, आणि शिकून घेतलेल्या युक्त्यांखाली ती झाकलीही जाऊ शकतात.

आता आपल्याकडे या. आज जे चाळिशीत आहेत ते १९९०च्या दशकात शाळेत होते. १९९५च्या अपंगत्वाच्या कायद्यात सात प्रकार होते, त्यात स्वमग्नता नव्हती. १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्यात ती आली. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात प्रकार एकवीस झाले आणि त्यात तिला जागा मिळाली. देवळी किंवा समुद्रपूरच्या शाळेत तेव्हा जो मुलगा मधल्या सुट्टीत एकटा भिंतीशी उभा राहायचा, पण गणितात पहिला यायचा, त्याच्या गुरुजींनी काय ओळखावं? मार्क चांगले, मस्ती नाही, म्हणजे मुलगा गुणी.

मुलींच्या बाबतीत तर आणखीच. गप्प राहणाऱ्या मुलीला आपण वळणाची म्हणतो. मुलांचं प्रमाण जास्त आहे हे खरं, पण पूर्वी एका मुलीमागे चार मुलगे म्हणत, नंतरच्या एकत्रित अभ्यासांत ते तीनाच्या आसपास आलं. म्हणजे काही मुली सुटत होत्या. मैत्रिणीचं पाहून हसायचं, वहिनीचं पाहून आग्रह करायचा, सासरी गेल्यावर नणंदेची नक्कल करायची. या झाकण्याची किंमत संध्याकाळी मोजावी लागते. बाई घरी येऊन दार लावून घेते आणि तासभर कुणाशी बोलू शकत नाही. घरचे म्हणतात, हिचा मूडच समजत नाही.

किती लोक असे असतील?

भारतात पाच ठिकाणी दोन ते नऊ वर्षांच्या मुलांची पाहणी झाली, तिचे निष्कर्ष २०१८ साली आले. त्या पाचात आपला शेजारी उत्तर गोवाही होता. स्वमग्नतेचं प्रमाण सुमारे शंभरात एक असं निघालं. २०११च्या जनगणनेत वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या १३ लाखांच्या वर होती. नुसता हिशेब केला तरी तेरा हजार माणसं होतात, आणि त्यातली निम्म्याहून जास्त प्रौढ. हा ढोबळ अंदाज आहे. पण स्वमग्नता मुलांनाच असते असं समजणाऱ्यांनी विचार करावा की कालची मुलं गेली कुठे? ती बँकेत आहेत, शेतात आहेत, पुलगावच्या डेपोत आहेत, शाळेत शिकवताहेत. काही जण घराबाहेरच पडत नाहीत.

मोबाइलवरची चाचणी

२००१ साली केंब्रिजमध्ये सायमन बॅरन-कोहेन आणि सहकाऱ्यांनी पन्नास प्रश्नांची चाचणी केली. एक्यू या नावाने ती सगळीकडे फिरते. ३२ किंवा जास्त गुण आले की लोक म्हणतात, ठरलं.

जरा गणित करू. त्या अभ्यासात निदान झालेल्या माणसांपैकी सुमारे ८० टक्क्यांना ३२ किंवा जास्त गुण होते, आणि इतरांपैकी फक्त २ टक्क्यांना. चाचणी छान वाटते, नाही का? आता समजा दहा हजार लोकांनी ती भरली. शंभरात एक धरलं तर शंभर जण स्वमग्न, त्यातले ८० वर जातील. उरलेले ९,९००, त्यांचे २ टक्के म्हणजे १९८. एकूण २७८ लोक रेषेच्या वर गेले, आणि खरे त्यातले ८०. दहात तिघेही नाहीत! ज्यांना आधीच शंका असते तेच चाचणी भरतात, म्हणून प्रत्यक्षात हे प्रमाण वाढेल, हे कबूल. तरीही गुण म्हणजे निदान नव्हे. आणि त्या चाचणीत पार्टी की ग्रंथालय, नाटक की संग्रहालय अशा निवडी विचारल्या आहेत. आष्टीजवळच्या एखाद्या खेड्यातल्या माणसाने यातलं काय निवडायचं?

मग चाचणी भरू नये का? भरा. पण निकालापेक्षा, कोणत्या प्रश्नापाशी तुम्ही थांबलात आणि काय आठवलं, ते एका कागदावर लिहा. तो कागद आम्हाला गुणांपेक्षा जास्त उपयोगी पडतो.

दिसायला सारखं, पण वेगळं

आमची पहिली कसोटी साधी आहे. हे तुम्हाला मध्येच कधी 'झालं', की पहिल्यापासून 'होतंच'? पंचविशीपर्यंत माणसांत रमणारा मुलगा अचानक कोंडून घेऊ लागला, तर आम्ही आधी नैराश्य किंवा दुसरा मानसिक आजार शोधू, आणि त्यावर उपचार आहेत. लोक आपल्याला हसतील या भीतीने जो सभेत बोलत नाही, त्याला सामाजिक भीतीचा विकार असू शकतो. त्याला नियम कळतात, पण भीती वाटते. स्वमग्न माणसाला बहुधा नियमच धूसर दिसतात, आणि पुष्कळदा चुका होऊन होऊन भीती नंतर बसते. मंत्रचळात तेच तेच करणं नकोसं असतं, डोक्यातून जात नाही म्हणून माणूस ते करतो. स्वमग्न माणसाला त्याचा ठरावीक क्रम आवडतो, त्याने त्याला शांत वाटतं. ऐकू कमी येतंय का, हेही तपासावं लागतं. अवधानातली चंचलता, म्हणजे एडीएचडी, स्वमग्नतेसोबत असूही शकते. लहानपणी मारहाण, घरातलं व्यसन असं काही सोसलेलं असेल तर त्याच्या खुणाही अशाच दिसू शकतात.

म्हणून एकट्याने ठरवू नका. स्वमग्नता नाही असं निघालं तरी तुमचा त्रास खोटा ठरत नाही. त्याचं नाव दुसरं निघालं, इतकंच.

तपासणी कशी होते?

रक्ताची कोणतीही चाचणी नाही, मेंदूचा कोणताही फोटो नाही. मानसोपचारतज्ज्ञ आणि चिकित्सा मानसशास्त्रज्ञ दोन-तीन वेळा सविस्तर बोलतात. शाळेचे शेरे, जुने फोटो, भावंडांच्या आठवणी, आणि आई असेल तर आई, हे सगळं लागतं. आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचं, १९६९ साली सुरू झालेल्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेचं रुग्णालय आणि सावंगीचं आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहेत. आधी तिथे जाऊन बोला. प्रौढांच्या स्वमग्नतेचा अनुभव प्रत्येक डॉक्टरला सारखा नसतो. 'तुम्ही तर नजर देऊन बोलता, लग्न झालंय, नोकरी आहे, मग कसला ऑटिझम' असं कुणी पाच मिनिटांत म्हटलं, तर दुसरं मत घ्यायला संकोचू नका.

सरकारी प्रमाणपत्राची गोष्ट वेगळी. त्यासाठी आपल्याकडे 'इसा' नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. चाळीस बाबी, प्रत्येकीला एक ते पाच गुण. सत्तरपासून पुढे स्वमग्नता धरतात. कायद्यातले बरेचसे लाभ ४० टक्के किंवा जास्त दिव्यांगत्वाला मिळतात. २०१६च्या कायद्यानुसार सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना चार टक्के आरक्षण आहे. त्यातला एक टक्का स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व, विशिष्ट अध्ययन अक्षमता, मानसिक आजार आणि बहुदिव्यांगत्व यांच्यात मिळून आहे. आता अडचण अशी की ही मोजपट्टी मुख्यतः मुलांना समोर ठेवून बनली आहे. चाळीस वर्षं झाकायला शिकलेल्या माणसाचे तीत गुण कमी भरू शकतात. निदान आहे पण प्रमाणपत्र नाही, असं घडू शकतं. म्हणून आधीच ठरवा, तुम्हाला नेमकं काय हवं आहे? स्वतःबद्दलचं उत्तर, की सरकारी कागद? दोन्ही मागण्या रास्त आहेत, पण वाटा वेगळ्या आहेत.

नाव मिळाल्यावर काय?

स्वमग्नता बरी करणारी गोळी नाही. 'मुळापासून घालवतो' म्हणणाऱ्याकडे पैसे घालवू नका. सोबत येणारी चिंता, नैराश्य, झोपेचा त्रास यांवर मात्र उपचार आहेत, आणि ते घ्यावेत. स्वमग्न प्रौढांत नैराश्य आणि आत्महत्येचे विचार यांचं प्रमाण जास्त आढळतं, हे स्पष्ट सांगितलं पाहिजे. तसं काही मनात येत असेल तर निदानाची वाट पाहू नका. टेलि-मानसचा १४४१६ हा क्रमांक विनामूल्य आहे आणि मराठीत बोलता येतं.

बाकीचं काम म्हणजे जगण्याची मांडणी बदलणं. आठवडी बाजार गर्दी व्हायच्या आत उरकणं. लग्नात डीजेपासून लांब, दाराजवळची खुर्ची धरणं आणि कानात कापसाचे बोळे घालणं, कापूस काय आपल्याकडे कमी नाही! साहेबांना सांगणं, 'काम लिहून द्या, तोंडी सांगितलेलं माझ्याकडून निसटतं.' कार्यक्रमानंतरचा दुसरा दिवस मोकळा ठेवणं. यातल्या एकाही गोष्टीला डॉक्टरची चिठ्ठी लागत नाही, निदान होवो न होवो. ज्याने वीस वर्षं स्वतःला 'आळशी', 'शिष्ट' म्हणून कोसलं, त्याला मात्र हे स्वतःसाठी मागायला आधी परवानगी लागते. निदानाने पुष्कळांना मिळते ती हीच परवानगी. काहींना सोबत दुःखही होतं : हे आधी कळलं असतं तर? त्या दुःखाला वेळ द्यावा लागतो.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*आईला विचारायचं कसं? 'मी काय चुकले' म्हणून ती रडायला लागते.*

तिचं रडणं उगाच नाही. एक काळ असा होता की डॉक्टरच आईला दोष द्यायचे. आईची माया थंड म्हणून मूल असं झालं, हा विचार ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७च्या पुस्तकातून लोकप्रिय केला. तो चुकीचा होता. १९७७ साली सुझन फोल्स्टाइन आणि मायकेल रटर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास केला, तेव्हापासून आनुवंशिकतेचा मोठा वाटा पुढे येत गेला. तेव्हा आईला 'माझ्यात काय बिघाड होता' असं विचारू नका. 'मी लहानपणी काय खेळायचो, कोणासोबत खेळायचो, कोणता सदरा घालायला रडायचो' असं विचारा. आई भरभरून सांगेल. आणि कदाचित म्हणेल, 'तुझे बाबाही असेच होते.'

*माझ्या मिस्टरांना हेच आहे असं मला वाटतं. त्यांना कसं पटवू?*

ताई, पटवू नका. भांडणात 'तुम्ही ऑटिस्टिक आहात' असं म्हटलं की तो शब्द शिवी होतो, आणि पुढे कधीच उपयोगी पडत नाही. तुम्हाला काय हवं ते सरळ शब्दांत सांगा. 'माझं डोकं दुखतंय' म्हणून थांबू नका, 'आज भाजी तुम्ही करा' असं म्हणा. डेमियन मिल्टन नावाचे संशोधक आहेत, ते स्वतः स्वमग्न आहेत. २०१२ साली त्यांनी मांडलं की गैरसमज दोन्ही बाजूंनी असतो : त्यांना आपण कळत नाही, तसे आपल्यालाही ते कळत नाहीत. मात्र एक लक्षात ठेवा, मारहाण आणि अपमान यांना स्वमग्नता हे कारण होऊ शकत नाही. तसं असेल तर तो वेगळा प्रश्न आहे आणि त्यासाठी मदत मागा.

*लग्न ठरवताना सांगावं का?*

आमचं मत, सांगावं. सुरुवातीला निदानाचा शब्द नाही वापरला तरी चालेल, पण सवयी सांगा : मला गर्दी सोसत नाही, मला रोज थोडा वेळ एकटं लागतं, माझ्या गप्प बसण्याचा अर्थ राग असा घेऊ नका. गोष्ट पक्की होण्याआधी निदानही सांगावं. हे ऐकून स्थळ मोडलं तर वाईट वाटेल. पण रोज रात्री दाराआड लपून संसार करणं किती जड जातं, ते ओपीडीत आम्ही पाहतो.

*मला साठ वर्षं झाली. आता कळून काय उपयोग?*

काका, तुम्ही आज इथे दीड तास बसलात, तेही मागच्या दाराजवळच्या खुर्चीवर. ती खुर्ची तुम्ही का निवडली, ते तुम्हाला ठाऊक आहे. घरच्यांनाही कळू द्या.